पाळणाघराला कुलूप लागलं तेव्हा

चालायला लागेपर्यंत मी आईच्या कडेवर होते. चालायला लागले तशी तिनं मला बांधून ठेवायला सुरुवात केली. जुन्या लुगड्याची लांब पट्टी, तिचं एक टोक माझ्या कमरेला आणि दुसरं मेसच्या स्वयंपाकघरातल्या पिठाच्या पिंपाला. आई पोळ्या लाटायची, मी पिंपाभोवती फिरायचे. पट्टी गुंडाळून संपली की उलट्या बाजूनं फिरायचे.

लातुरात तेव्हा क्लासचं पेव फुटलं होतं. दहावी झाली की नांदेड, परभणी, बीड, कुठकुठून पोरं पेटी आणि गादी घेऊन लातुरात उतरायची. डॉक्टर व्हायचं नाहीतर इंजिनिअर, तिसरं काही जगात नव्हतंच. एवढी पोरं म्हटल्यावर त्यांना राहायला खोल्या लागायच्या, खायला मेस लागायची, आणि मेसला पोळ्या लाटणाऱ्या बाया लागायच्या. आमच्या वस्तीतल्या निम्म्या बाया या ना त्या मेसमध्ये होत्या. उरलेल्या होस्टेलवर झाडू मारायच्या, क्लासच्या फरश्या पुसायच्या.

आई मूळची देवणीची. पहिलटकरीण म्हणून माहेरी आली होती, आणि तेवढ्यात औशाकडच्या तिच्या सासरी भूकंपानं गाव बसलं. घर मातीचं, वर जड मातीचं माळवद. माझे वडील त्यातून निघाले नाहीत. मी त्यांना बघितलं नाही, त्यांनी मला बघितलं नाही. आई याबद्दल फार बोलत नसे. कुणी विचारलंच तर म्हणायची, "ही पोरगी पोटात व्हती म्हणून वाचले." आणि मी काही उद्योग करून ठेवला की म्हणायची, "उगंच वाचले."

ती उद्योगांची वेळ फार लांब राहिली नाही. एका दुपारी पट्टीची गाठ सुटली. सुटली म्हणजे मी दातांनी सोडली. बाहेर पोरं जेवत बसली होती. एकाची कंपासपेटी बाकावर होती, चकचकीत. मी ती उचलली, आत आणली, आणि वरणाच्या मोठ्या पातेल्यात सोडली. का सोडली ते मला आजही सांगता येणार नाही. पातेलं खोल होतं आणि आवाज चांगला आला, एवढं आठवतं. मग कुणाच्या तरी ताटात वरणाबरोबर कोनमापक आला.

मेसचे मालक, ज्यांना सगळे अण्णा म्हणायचे, ते मुळात रागीट नव्हते. पण त्या दिवशी ते स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हणाले, "बाई, तुमच्या पोळ्यासारखी पोळी अख्ख्या लातुरात न्हाई. पण एक तर पोळ्या येतील न्हाईतर ही पोरगी येईल. दोन्ही न्हाई जमायचं."

दुसऱ्या दिवसापासून आई मला खोलीत कोंडून जायला लागली. पाण्याचा तांब्या, वाटीत चुरमुरे, बाहेरून कडी. मी रडून रडून झोपायचे, उठून परत रडायचे, आणि रडायचा कंटाळा आला की खोलीतल्या वस्तू तपासायचे. अशीच एकदा कपड्याला घालायची नीळ सापडली. संध्याकाळी आईनं दार उघडलं तर माझे ओठ, दात, जीभ, हनुवटी, सगळं निळंशार. आई मला उचलून अशी पळाली की तिच्या एका पायात चप्पल नव्हती हे तिला दवाखान्यात कळलं. डॉक्टरांनी माझी जीभ बघितली, पोट दाबलं, आणि हसायला लागले. "काही होत नाही. चार दिवस निळी राहील."

आई हसली नाही. परत येताना ती रस्त्याच्या कडेला बसली आणि मला मांडीत घेऊन हमसून हमसून रडली. मी तिला जीभ काढून दाखवत होते, कारण डॉक्टर हसले होते तर हीही हसेल असं मला वाटलं.

आमच्या समोरच्या घरात खाला राहायची. तिचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बांगड्यांच्या धंद्यातलं. नवरा हातगाड्यावर बांगड्या विकायचा आणि घरात बोलायची सगळी जबाबदारी खालानं घेतली होती. तिनं आईला तसं रडत येताना बघितलं आणि दारातच अडवलं.

"क्या गे, पोरगी हाय का बकरी? ताला लावून जाती?"

"मग काय करू खाला? कुठं ठिवू हिला?"

"अगे, माझ्याकडं. माझ्या घरी न्हाई, पाळणाघरात. समाजमंदिरात सुरू झालं न्हवं का! सरकारी अनुदान हाय. मी तिथंच हाय कामाला. उद्या सकाळी आण ह्या निळ्या बंदरला."

अशी मी पाळणाघरात दाखल झाले.

समाजमंदिराची ती खोली लांबट होती. एका बाजूला छताच्या कड्यांना साड्यांच्या झोळ्या टांगलेल्या, त्यात तान्ही. मधे सतरंजी, तिच्यावर आम्ही. कोपऱ्यात स्टोव्ह आणि खिचडीचं पातेलं. पाळणाघर चालवायचं एक महिला मंडळ, आणि त्या मंडळातल्या एक निवृत्त शाळामास्तरीण रोज यायच्या, त्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो. मोठ्या बाईंचा आवाज लहान होता. खालाचा मोठा. दोघींचं मिळून बरं चालायचं. आयांना नावापुरतं काहीतरी द्यावं लागायचं. खालाचं मानधन, तांदूळ, डाळ, रॉकेल हे सगळं अनुदानातून.

अनुदान हा शब्द आम्ही इतक्यांदा ऐकायचो की आम्हाला ते माणसाचं नाव वाटायचं. "अनुदान मुंबईहून निघालंय", "अनुदान औरंगाबादला अडकलंय", "जिल्हा परिषदेत आलंय म्हणे." मी मनात त्याचं चित्र काढलं होतं: जाडा माणूस, पांढरा सदरा, एसटीनं फिरणारा, सारखी गाडी चुकणारा. आमचा एक खेळच होता अनुदान-अनुदान. एकानं अनुदान व्हायचं आणि दाराबाहेर जायचं. बाकीच्यांनी सतरंजीवर बसून वाट बघायची. बाहेरच्यानं जितकं उशिरा येता येईल तितकं उशिरा यायचं. खिचडी झाली की खेळ मोडायचा.

पण खरं सांगायचं तर त्या न दिसणाऱ्या माणसानं आमच्या वस्तीचं बरंच काही हलवलं. आई मेसमध्ये आधी एकाच वेळच्या पोळ्या करायची, आता दोन्ही वेळच्या करायला लागली. मग अण्णांनी भाजीचं काम तिच्या हाती दिलं, आणि वर्षाच्या आत ती स्वयंपाकघराची मुखत्यार झाली. तिला गाणं म्हणता येतं हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. अंगावरची चिंता उतरली की माणूस उगाच गुणगुणतं, तसं ती कणीक मळताना करायची.

आमच्या शेजारी एक पोरगी होती, नऊ-दहा वर्षांची. तिची आई होस्टेलवर झाडू मारायची, म्हणून धाकट्या भावाला ही सांभाळायची. शाळा सुटलेली. तो जाडजूड भाऊ दिवसभर तिच्या डाव्या कडेवर. भावाला पाळणाघरात ठेवलं आणि ती परत शाळेत जायला लागली, तर कितीतरी दिवस ती वाकडीच चालायची, डावी कंबर बाहेर काढून, जणू भाऊ अजून तिथंच बसलाय. खाला तिला मागून ओरडायची, "अगे सरळ चाल, उतरला तो!" आणि ती दचकून सरळ व्हायची.

पाळणाघराचा एक नियम मात्र माझ्या मुळावर आला. अनुदान सहा वर्षांच्या आतल्या पोरांसाठीच होतं. मी सहाची झाले, पहिलीत गेले. शाळा सकाळची, दुपारी सुटायची. आईचं काम संध्याकाळपर्यंत. म्हणजे अर्धा दिवस मी परत कडीच्या आत, नाहीतर रस्त्यावर. आई मोठ्या बाईंकडे गेली. मोठ्या बाई म्हणाल्या, "अहो, नियम आहे. मी काय करू?" त्या खरंच चांगल्या होत्या, पण नियमाला भ्यायच्या.

खालानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मी अंगानं बारकी होते. "ही कुठं सहाची हाय?" खाला म्हणाली. "पाचची हाय. बघा की, दात पण पडले न्हाईत."

"दोन पडलेत," मी म्हणाले.

"तू गप. तू पाचची हायस."

आणि मी पाचची झाले. पुढचं वर्ष आलं, मी दुसरीत गेले, तरी पाळणाघरात पाचचीच. तपासणीला साहेब यायचे. पहिल्या वर्षी त्यांनी विचारलं, "बाळ, तुझं वय काय?" मी म्हणाले, "पाच." दुसऱ्या वर्षी तेच साहेब, तोच प्रश्न. मी परत म्हणाले, "पाच."

साहेब माझ्याकडे बघत राहिले. "मागच्या वर्षी पण पाचच होतं ना?"

मोठ्या बाईंचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं आता काहीतरी हुशारीचं बोलून साहेबांचं मन जिंकावं. मी उभी राहिले, हाताची घडी घातली आणि तेराचा पाढा म्हणायला सुरुवात केली. तेरा एके तेरापासून तेरा दाहे तीसासेपर्यंत, एका दमात, न चुकता.

झोळीतलं एक पोर तेवढं कुरकुरलं.

"पाच वर्षांची," साहेब म्हणाले, "आणि तेराचा पाढा?"

"साहेब, लातूर हाय हे," खाला म्हणाली. "इथं पोरं झोळीतूनच क्लास लावतात."

साहेबांना इतकं हसू आलं की त्यांच्या हातातला चहा बशीत सांडला. हसत हसतच त्यांनी सही केली आणि निघून गेले. मोठ्या बाई मग बराच वेळ भिंतीला टेकून बसल्या होत्या. खालानं मला गूळ-शेंगदाणे दिले आणि कान पण पिळला. दोन्ही कशाबद्दल ते मला बरोबर कळलं.

त्याच साली अनुदान खरोखरच यायचं थांबलं. आधी उशीर म्हणून उशीर, मग काहीच नाही. मोठ्या बाई कचेरीत खेटे घालून दमल्या. कुणी म्हणे योजना बदलायली, कुणी म्हणे फाइल वर गेली. खालाला कितीतरी महिने मानधन नव्हतं तरी ती येत राहिली. किराणा दुकानदारानं आधी डाळ बंद केली, मग तांदूळ. काही दिवस खिचडीऐवजी आयांनी दिलेल्या भाकरीचे तुकडे सगळ्यांत वाटून खाल्ले. शेवटी एका सकाळी आम्ही गेलो तर दाराला कुलूप, आणि मोठ्या बाई पायरीवर बसलेल्या. त्यांना कुणाकडे बघवत नव्हतं.

वस्तीत आठवड्याभरात सगळं उलटंपालटं झालं. शेजारच्या पोरीची शाळा परत सुटली, भाऊ परत कडेवर. तो आता आणखी जड झाला होता. एक बाई बंगल्यावर धुणंभांडी करायची, तिनं लेकराला बरोबर नेलं तर बंगल्यातल्या बाईसाहेबांनी तिला दुसऱ्याच दिवशी काढून टाकलं. माझ्या आईनं परत कडी लावली. मी आता नीळ खाण्याच्या वयाची नव्हते, पण खिडकीतून निसटण्याच्या वयाची होते, आणि आईला ते पक्कं ठाऊक होतं. मेसमध्ये तिचं लक्ष लागेना. भाजीत दोनदा मीठ पडलं.

वस्तीच्या नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसायचा, त्यामुळे बाया घागरी लावून तिथं तासन्‌तास बसायच्या. लातुरातल्या बायांच्या सगळ्या सभा नळावरच व्हायच्या. अशाच एका सकाळी बंगल्यावरून काढलेली बाई रडत सगळं सांगत होती आणि बाया हळहळत होत्या. खाला घागरीवर बसून ऐकत होती.

"तू एकटी गेलीस न्हवं का लेकराला घेऊन," ती म्हणाली. "एकटीला काढलं. सगळ्याजणी एकदम घेऊन गेल्या तर किती जणींला काढतील?"

मग माझी आई सावकाश म्हणाली, "परीक्षा जवळ आल्याती. आता एक दिवस पोळ्या न्हाई झाल्या तर पोरांचे बाप मेसवर चालून येतील. अण्णा मला काढू शकत न्हाईत."

"मला पण न्हाई काढणार," आमच्यातल्या जुळ्या पोरांची आई म्हणाली. ती फिजिक्सच्या मोठ्या क्लासची झाडलोट करायची. "सरांचा बोर्ड माझ्याशिवाय कुणी पुसत न्हाई."

"मग सोमवारी," खाला म्हणाली. "काम सोडायचं न्हाई, भांडायचं न्हाई, तोंड वर करून बोलायचं न्हाई. काम नेहमीसारखंच करायचं. फक्त लेकरं संगं न्यायची."

सोमवारी सकाळी आईनं मला न्हाऊ घातलं, दोन वेण्या घातल्या, नवा फ्रॉक घातला आणि शाळा बुडवून मेसला घेऊन गेली. वाटेत मी विचारलं, "आज मला पिंपाला बांधणार?"

"न्हाई."

"मग मी काय करू?"

आई थांबली. माझ्याकडे बघितलं. तिच्या तोंडावर मी आधी कधी न बघितलेलं हसू होतं. "तुला जे वाटंल ते कर," ती म्हणाली.

असं वाक्य आयुष्यात एकदाच ऐकायला मिळतं. मी त्याचं सोनं केलं.

मेसमध्ये आईबरोबर आणखी तिघी-चौघी बाया होत्या, प्रत्येकीची एक-दोन लेकरं. आधी आम्ही बुजलो. मग एकानं कणकेची परात ओढली. मी सगळ्यांना कणकेचे उंदीर करायला शिकवलं आणि ते उंदीर आम्ही जेवणाच्या बाकांवर रांगेत मांडले. एक रांगणारं पोर बाकांखालून फिरून चपला गोळा करायला लागलं. दुसऱ्यानं ताटांच्या चळतीशेजारीच सू केली. अण्णा धावत आले, ती चळत उचलून दुसरीकडे ठेवायला गेले तर तिथं आधीच एक पोर झोपलेलं. आई मान खाली घालून पोळ्या लाटत होती. इतक्या गोल पोळ्या तिनं कधी लाटल्या नसतील.

"बाई, हे काय चाललंय?" अण्णा म्हणाले.

"पोळ्या, अण्णा."

"पोळ्याचं न्हाई, पोरांचं विचारायलोय!"

"पाळणाघराला कुलूप लागलंय अण्णा. कुठं ठिवावं? तुमीच सांगा, तिथं ठिवते."

दुपारी विद्यार्थी जेवायला आले तेव्हा मी हातात डाव घेऊन वाढायला उभी राहिले. एकेकाला वरण वाढताना मी विचारायचे, "तुला तेराचा पाढा येतो का?" आणि न आल्यास वरण देत नव्हते. बारावीची पोरं, दाढीमिशा फुटलेली, बऱ्याच जणांची गाडी तेरा सातेवर अडायची. मागचे ओरडून सांगायचे, मी त्यांना कॉपी करू नका म्हणायचे. मेसमध्ये एवढं हसणं पहिल्यांदाच झालं असेल. ती पोरं एरवी पुस्तक उघडं ठेवून जेवायची, कुणी कुणाशी बोलायचं नाही.

नायगावकडचा एक विद्यार्थी होता, लई अबोल. खाली रडत बसलेलं एक लहानगं त्यानं उचलून मांडीवर घेतलं, पोळीचा मऊ तुकडा वरणात बुडवून भरवला. तुकड्यामागून तुकडा भरवत राहिला. त्याच्या क्लासची वेळ झाली, मित्र हाका मारायला लागले, पण तो उठेना. मग अचानक त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "माझी बहीण एवढीच हाय," तो म्हणाला. "दिवाळीपासून बघितली न्हाई." मग मित्रांमधला एकजण त्याच्या शेजारी बसला आणि बाळाला टाळ्या वाजवून दाखवायला लागला. आई पोळ्या थांबवून दारातून बघत होती. त्या दोघांनाही तिनं गरम पोळी आणून वाढली, वर तूप.

तिकडे क्लासमध्ये काय झालं ते जुळ्यांच्या आईनं नळावर सांगितलं. सर वरून खाली पडणाऱ्या वस्तूबद्दल शिकवत होते. जुळ्यांपैकी एक टेबलावर चढला आणि डस्टर खाली टाकला. दुसऱ्यानं उचलून दिला. त्यानं परत टाकला. दीडशे-दोनशे पोरांचा वर्ग त्या डस्टरकडे बघत होता, सरांकडे कुणीच बघत नव्हतं. शेवटी सर खुर्चीत बसले आणि म्हणाले, "चालू द्या तुमचं." होस्टेलवर एका पोरानं न्हाणीत स्वतःला आतून कोंडून घेतलं, आणि दार तोडेपर्यंत मुलींची अंघोळीची रांग जिन्यापर्यंत आली.

मंगळवारी आम्ही परत गेलो. कालच्या अनुभवानं आम्ही शहाणे झालो होतो, म्हणजे जास्त उद्योगी. बुधवारी सकाळी अण्णा मेसच्या दारातच उभे होते, पण आम्हाला अडवायला नाही. त्यांच्याबरोबर होस्टेलची मालकीण होती, फिजिक्सचे सर होते, आणखी दोन-तीन मेसवाले होते. सगळे मिळून आमच्या वस्तीकडे निघाले. आया मागे, आणि आम्ही त्यांच्याही मागे, मिरवणूक निघाल्यासारखे.

समाजमंदिराशेजारच्या घरातून मोठ्या बाई घाबरून बाहेर आल्या. अण्णा म्हणाले, "बाई, ते कुलूप काढा."

"अहो पण अनुदान..."

"अनुदान येईल तेव्हा येईल. तांदूळ मी धाडतो. डाळ ह्या मॅडम धाडतील. बाकीचं सर बघतील."

सर काही म्हणाले नव्हते, पण त्यांनी मान हलवली.

"आणि माझं मानधन?" मागून खालाचा आवाज आला. सगळे वळले. "फुकटात लई दिवस केलं. आता न्हाई करणार."

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. "ते पण," होस्टेलची मालकीण म्हणाली. ती स्वतः लहान लेकराची आई होती, आणि तिचं लेकरू तिची सासू सांभाळायची. पुढे तिनंच सगळ्यात नेमानं सामान पाठवलं.

खालानं पदराच्या गाठीतून किल्ली काढून कुलूप उघडलं. कुलपाची दुसरी किल्ली तिच्याकडे होती हे मोठ्या बाईंनाही ठाऊक नव्हतं.

त्यातून एक चांगली गोष्ट अशी झाली की आता खर्च सरकारचा नव्हता, म्हणून सहा वर्षांचा नियमही नव्हता. शाळेतून आलेली मोठी पोरंही दुपारी बसायला लागली. मी एका दिवसात पाचची सातची झाले आणि खिचडी जास्त मिळायला लागली. शेजारची पोरगी परत शाळेत गेली. तिचं एक वर्ष मात्र बुडालं ते बुडालंच. पुढे कितीतरी वर्षांनी भेटली तेव्हा म्हणाली, ते वर्ष नसतं बुडालं तर मी नर्सिंगला गेले असते, वयात बसले असते. ती हे तक्रार म्हणून म्हणाली नाही, पण म्हणाली. बंगल्यावरून काढलेल्या बाईला बंगल्यानं परत घेतलं नाही. तिथं ती एकटीच होती. आईनं तिला अण्णांच्या मेसमध्ये लावून घेतलं.

पावसाळा संपता संपता अनुदानही आलं, थकलेलं सगळं एकदम. अण्णा खुशीत मोठ्या बाईंकडे गेले, आता आमचं बंद करतो म्हणायला. मोठ्या बाई, त्या नियमाला भिणाऱ्या, हळू आवाजाच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "सोमवारपासून बंद करता का? मग आयांना तसं सांगते, सोमवारचं." अण्णांनी तांदूळ पाठवणं चालू ठेवलं. त्या तांदळावर आणि अनुदानावर मिळून आम्हाला आठवड्यातून एकदा उकडलेलं अंडं मिळायला लागलं. ते खाला सोलून द्यायची आणि आम्ही पिवळं आधी खायचं की पांढरं यावर मारामारी करायचो.

पुढं मी शिकले, त्याच गल्ल्यांमधल्या एका क्लासला गेले, आणि नोकरीला नांदेडला लागले. लग्न झालं, लेक झाली. लेक चालायला लागली आणि नोकरीवर परत जायची वेळ आली तेव्हा मी आईला बोलावून घेतलं. मला वाटलं आजी आहे, नात आहे, अजून काय पाहिजे. आई आली. एक महिना नात सांभाळली. नातीनं एकदा तिची कणीक कुकरमध्ये टाकली, एकदा चष्मा बादलीत बुडवला. एका संध्याकाळी मी घरी आले तर आई पिशवी भरून बसली होती.

"आई, कुठं चाललीस?"

"हितंच, श्यामनगरकडं एक मेस हाय, पोरं लई आल्याती. त्यांना भाजीला बाई पाहिजे. बोलून आले मी आज."

"अगं, आणि हिचं काय?"

"हिच्यासाठी बघ की पाळणाघर. चांगलं बघ. मला पोरं सांभाळता येत न्हाईत बाई, कधीच आली न्हाईत. तुला तरी मी कुठं सांभाळलं?"

नात तिच्या पायाला मिठी मारून बसली होती. आईनं तिला सोडवलं, माझ्या कडेवर दिलं, आणि सकाळी लवकर, आमच्या पोळ्या लाटून जायचं म्हणून पिठाचा डबा हाताला येईल असा खाली काढून ठेवला.